वेण्णेकाठाने वर, कृष्णेकाठाने खाली : घाटाची फेरी काढणाऱ्या सायकल क्लबांना खुले पत्र

प्रति,
सातारा–मेढा–महाबळेश्वर–पाचगणी–वाई–सातारा ही फेरी काढणारे सर्व सायकल क्लब, त्यांचे संयोजक आणि राइड लीडर यांस,

सप्रेम नमस्कार.

पाऊस उघडला, रस्त्याकडेची सोनकी पिवळी झाली, की या फेरीच्या तारखा जाहीर व्हायला लागतात. साधारण १२० किलोमीटर, दोन घाट, वाटेत कण्हेरचा जलाशय आणि वेण्णा तलाव, उतरताना धोमचे पाणी. फेरी सुंदर आहे, यात वाद नाही. वाद आहे तो बहुतेकांनी धरलेल्या दिशेबद्दल. पुण्याहून येणाऱ्यांना वाई जवळ पडते, म्हणून गाड्या वाईला लावायच्या, सकाळी पसरणी घाट चढायचा आणि केळघर घाट उतरायचा, अशी सवय पडली आहे. ती मोडावी आणि ही प्रदक्षिणा देवळातल्यासारखी उजवीच घालावी, म्हणजे वैराटगडाची रांग उजव्या हाताला ठेवावी, एवढे सांगायला हे पत्र.

आधी या फेरीचा आकार समजून घ्या. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी वेण्णा आणि कृष्णा या दोन नद्या डोंगराच्या एका रांगेला दोन्ही बाजूंनी वळसा घालतात आणि साताऱ्याच्या पूर्वेला संगम माहुलीला भेटतात. वेण्णेच्या वाटेवर कण्हेर धरण आहे, कृष्णेच्या वाटेवर धोम. तुमची फेरी म्हणजे वेण्णेच्या खोऱ्यातून वर जाणे आणि कृष्णेच्या खोऱ्यात उतरणे. दोन्ही खोऱ्यांचा स्वभाव वेगळा आहे, रस्तेही तसेच वेगळे आहेत, आणि दिशेचा सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

केळघर घाट ओल्या बाजूचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला काही वाटा याच उतारावरून खाली येतो. काळाकडा आणि रेंगडीच्या भागात दरडी आल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचायला मिळतात. जुलै २०२१ मध्ये तर रस्त्याचे तुकडेच वाहून गेले. दरड हटवली तरी तिची माती आणि बारीक खडी वळणाच्या आतल्या बाजूला महिनोन्महिने राहते. चढताना नऊ-दहाच्या वेगाने त्या खडीवरून गेलात तर फार तर मागचे चाक घसरेल, पाय टेकवाल, पुढे जाल. उतरताना पस्तीसच्या वेगाने, सायकल कललेली असताना तीच खडी पुढच्या चाकाखाली आली, तर सावरायला वेळच मिळत नाही. खड्ड्यांचेही तेच. वर जाणाऱ्याला खड्डा दहा मीटरवरून दिसतो आणि तेवढ्यात टाळता येतो.

पसरणी घाट त्यापेक्षा रुंद आणि आखीव आहे, चढ एकसारखा आहे. पण महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या गाड्यांचा तो मुख्य रस्ता आहे. वाई ते पाचगणी साधारण १२ किलोमीटर आणि पावणेसहाशे मीटर उंची. चढायला मध्यम ताकदीच्या माणसाला एक ते सव्वा तास लागतो. म्हणजे तेवढा वेळ त्याच्या उजव्या कोपराजवळून मोटारी आणि बस ओव्हरटेक करत राहतात. हाच घाट उतरायला पंचवीस मिनिटे लागतात, आणि उतरताना तुमचा वेग गाड्यांच्या वेगाजवळ असल्याने ओव्हरटेक करणारेही मोजके. धोका वेळेशी गुणायचा असतो. इथे तो निम्म्याहून कमी होतो.

तिसरे कारण घड्याळाचे. साताऱ्यातून पहाटे साडेपाचला निघालेला मध्यम वेगाचा गट सातच्या आत मेढ्याला, साडेसातला केळघरला आणि सव्वानऊपर्यंत महाबळेश्वरात पोहोचतो. तिथून पाचगणीचे १९ किलोमीटर तो साडेदहाच्या आत संपवतो. पर्यटक नाष्टा करून, सामान भरून हॉटेलबाहेर पडतात ते त्यानंतर. गुरेघरला स्ट्रॉबेरीच्या दुकानांसमोर अकरा वाजता जी कोंडी होते, ती तुमच्या पाठीमागे राहते. उलट्या दिशेने शनिवारी सकाळी नऊला पसरणी घाटात असाल, तर पुण्याहून निघालेला सगळा लोंढा तुमच्याबरोबर चढत असतो.

साताऱ्याहून उलटी फेरी काढण्याचा एक फायदा मात्र खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. शेवटचा मेढा–सातारा टप्पा शांत आणि किंचित उताराचा मिळतो. आम्ही सांगतो त्या दिशेने शेवट महामार्गावर होतो: वाईहून पाचवड फाटा, तिथून आनेवाडी टोलनाका ओलांडून वाढे फाट्याजवळ वेण्णेचा पूल, असे वीस-बावीस किलोमीटर भर दुपारी. त्यावर उपाय सोपा आहे. फेरी दोन ठिकाणी संपवा. ज्यांच्यात दम आहे त्यांनी साताऱ्यापर्यंत यावे. बाकीच्यांनी ८५ किलोमीटरवर वाईलाच थांबावे आणि सपोर्ट गाडीतून परतावे. जाहिरातीतच हे दोन पर्याय द्या. ‘पूर्ण केली’ म्हणवून घेण्यासाठी पोटऱ्यांत गोळे आलेला माणूस महामार्गाच्या कडेने झोकांड्या खात येतो, तो प्रकार तरी थांबेल.

आता चढाबद्दल. तुमच्या जाहिरातींत अंतर असते, उंची क्वचित असते, गिअर तर कधीच नसतो. केळघर गाव ते महाबळेश्वर सुमारे सहाशे मीटर उंची आहे. स्वार ७२ किलो, सायकल ११, पाणी आणि सामान २, असे ८५ किलो सहाशे मीटर वर न्यायला ५०० किलोज्यूल लागतात. सलग १५० वॉट देऊ शकणाऱ्याला, चाकांचा आणि हवेचा रोध धरून, तासापेक्षा थोडा जास्त वेळ. १२० वॉटवाल्याला सव्वा ते दीड तास. हे गणित प्रत्येकाने आपल्या वजनाने आधी करावे, म्हणजे घाटात ‘अजून किती राहिला’ हा प्रश्न दर वळणाला विचारावा लागत नाही.

सरासरी चढ सौम्य निघतो आणि तिथेच लोक फसतात. मध्येच सपाटी येते, मग एखादा तुकडा आठ-नऊ टक्क्यांचा. आठ टक्क्यांवर, पुढे पेडलजवळ ३४ दात्यांची चकती (चेनरिंग) आणि मागे सगळ्यात मोठी चकती २८ दात्यांची असेल, तर मिनिटाला ७० फेरे मारायला साधारण २१५ वॉट लागतात आणि वेग ताशी १०.७ किलोमीटर पडतो. मागे ३४ असेल तर त्याच फेऱ्यांना १८० वॉट पुरतात, वेग ८.८. हा ३५ वॉटचा फरक म्हणजे बोलत चढणे आणि धापा टाकत उतरून ढकलणे यांतला फरक. दुकानातून आलेल्या अनेक रोड सायकलींना मागे २८ च असते. नवख्याला ‘सराव कर’ म्हणून सोडून देण्यापेक्षा कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलायला सांगा.

पण नुसती कॅसेट बदलून भागत नाही. मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा, पिंजरा आखूड असेल तर तो ३४ झेपवत नाही. उदाहरणार्थ, शिमानो १०५ आर७००० चा आखूड पिंजरा ३० दात्यांपर्यंतच चालतो, ३४ साठी मध्यम पिंजऱ्याचाच लागतो. चेनही लांब करावी लागते. मापाची जुनी पद्धत: चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून फिरवायची, जिथे टोके जुळतील त्याच्यापुढे दोन कड्या जास्त ठेवायच्या. जुनीच चेन ठेवली आणि घाईत मोठ्यावर मोठा गिअर पडला, तर चेन ताठ होऊन डिरेलर ओढते, हँगर (डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) वाकतो किंवा तुटतो, आणि वाकलेला डिरेलर स्पोकांत शिरला की मागचे चाकही गेले. हे काम राइडच्या आदल्या रात्री करू नका. नवी कॅसेट बसवल्यावर निदान पन्नास किलोमीटर चालवून, भार देऊन गिअर बदलून पाहा. स्टँडवर नीट चालणारा गिअर चढावर पायाचे वजन पडल्यावरच उडी मारतो. हँगर प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो, उसना मिळत नाही. ज्याचा त्याने पिशवीत ठेवावा.

चढापेक्षा उताराची तयारी कमी होते. खरे तर ती जास्त हवी. पसरणी उतरताना त्याच ८५ किलोची पावणेपाचशे किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते. दीड लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी ही उष्णता. पाच टक्के उतारावर चाळीसच्या वेगाने, पाठ वाकवून उतरणाऱ्याची बरीचशी ऊर्जा हवा खाऊन टाकते. ब्रेककडे साधारण तिसरा हिस्सा जातो. वीसच्या वेगाने ब्रेक धरून उतरणाऱ्याची पाऊण हिश्शाच्या जवळपास ब्रेकमध्ये जाते. म्हणून घाबरून हळू उतरणाऱ्याचीच रिम (ब्रेक घासतो ते चाकाचे कडे) जास्त तापते, आणि राइड लीडर नेमके त्यालाच ‘ब्रेक धरून ये’ असे सांगत असतो.

त्याला सांगायचे ते वेगळे. सरळ तुकड्यावर हात मोकळे ठेव. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक दोन-तीन सेकंद जोरात दाब आणि सोड. वळणात ब्रेक नको. हे जमत नसेल तर घाटात दोनदा, रस्ता सरळ असेल तिथे कडेला थांब आणि रिमला पाच मिनिटे निवू दे. रिमला बोट लावून बघू नये. पाण्याचा थेंब टाकावा, चर्रकन आवाज आला तर अजून थांबावे.

रिम ब्रेकच्या सायकलींत उष्णतेने दोन गोष्टी होतात. ट्यूबमधला दाब वाढतो आणि न घासता लावायच्या चिकट पॅचचा गोंद सुटतो. वर निघताना पंक्चर काढलेली ट्यूब खाली जाताना फुटते ती त्यामुळे. महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत असा पॅच लावला असेल तर उतरण्यापूर्वी ती ट्यूब बदलून नवी घाला. कार्बन रिमवर रिम ब्रेक असलेल्यांनी हा घाट अॅल्युमिनियमच्या चाकांवर उतरावा. सलग तापलेली कार्बन रिम फुगते आणि तिचे थर सुटतात. डिस्क ब्रेकवाल्यांनी पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आला असेल तर बदलावा. शिमानोची डिस्क नवी असताना १.८ मिलिमीटर असते, १.५ ला ती टाकून द्यायची. तारेच्या ब्रेकमध्ये तार लीव्हरच्या डोक्यापाशी, म्हणजे न दिसणाऱ्या जागी, एकेक धागा तुटत जाते. लीव्हर पूर्ण दाबून आत बॅटरी मारा, दोन धागे सुटलेले दिसले तरी तार बदला.

एक छोटी गोष्ट, जी कुणी विचारत नाही: भाड्याची किंवा उसनी सायकल आणणाऱ्याचा पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे? सगळ्या सायकलींची जोडणी सारखी नसते. सवयीच्या हाताने पुढचा ब्रेक समजून मागचा दाबला किंवा उलटे झाले, की पहिल्याच वळणात फजिती होते. निघण्यापूर्वी मैदानात दोन फेऱ्या मारायला लावा.

टायर २८ मिलिमीटरचा असावा. ७५ किलोच्या स्वाराला ७० ते ८० पीएसआय पुरे. ११० भरून टणक केलेला टायर या रस्त्यांवर उडतो आणि वळणात सुटतो. पंक्चरची कारणे दोन खोऱ्यांत दोन. केळघरकडे दरडीची धारदार खपरी टायर चिरते. वाई–पाचवडकडे बाभळीचा काटा, आणि महामार्गाच्या कडेला फाटलेल्या ट्रक टायरच्या केसासारख्या पोलादी तारा. ही तार बाहेरून दिसत नाही. टायर आतून बोटाने चाचपून, चिमट्याने ओढून काढावी लागते. ती तशीच ठेवून ट्यूब बदलली तर दोन किलोमीटरवर पुन्हा हवा जाते. चिरलेल्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावा. तो नसेल तर दहा रुपयांची नोट चौपदरी दुमडून लावली तरी साताऱ्यापर्यंत येता येते.

पाचवडच्या बाजूला हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाचे ट्रॅक्टर असतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा असेलच असे नाही. ट्रॉलीतून पडलेले उसाचे कांडे रस्त्यावर आडवे पडलेले असते. ते पुढच्या चाकाखाली लाटण्यासारखे फिरते. ओलांडायचेच असेल तर काटकोनात, हँडल न वळवता. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना लांबीचा अंदाज हमखास चुकतो. वाईट वाटू न घेता मागे राहा.

तारीख ठरवताना पंचांगही बघा. पौषात शाकंभरी पौर्णिमेला मांढरदेवची यात्रा, रंगपंचमीला बावधनचे बगाड. या दिवसांत वाईच्या आजूबाजूचे रस्ते माणसांचे असतात, सायकलींचे नव्हेत. जून ते सप्टेंबर केळघर घाट नको, धुके आणि दरड दोन्हींमुळे. डिसेंबर-जानेवारीत वर थंडी चांगलीच असते. चढून घामाने भिजलेला माणूस तसाच पुढे निघाला की पसरणीच्या उतारावर बोटे आखडतात आणि ब्रेक दाबवत नाही. एक पातळ विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे सपोर्ट गाडीत ठेवून महाबळेश्वरला द्या.

खाण्यापिण्याचे थोडक्यात. ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी, ताशी ५० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, त्यात राजगिऱ्याचा लाडू जोडला की तासाची बेगमी झाली. क्षारांसाठी लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. मेढ्याला मिसळ खाऊन घाट चढायची हौस असेल त्यांनी ती परतीच्या एखाद्या दिवसासाठी राखून ठेवावी. केळी सायकलीला लटकवून महाबळेश्वरात शिरू नका, माकडे वाट बघत असतात.

सपोर्ट गाडीबद्दल आमचे म्हणणे तुम्हाला आवडणार नाही. ती घाटात शेवटच्या स्वाराच्या मागे, दिवे लुकलुकवत, नऊच्या वेगाने चालवू नका. मागे गाड्यांची रांग साचते, चिडलेला चालक आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करतो आणि समोरून येणाऱ्याला चुकवताना नेमका सायकलींवर येतो. संरक्षणासाठी आणलेली गाडीच अपघाताचे कारण होते. गाडी पुढे पाठवा आणि ठरलेल्या जागी उभी करा: केळघर गाव, माचुतर, पाचगणीत घाट सुरू होण्यापूर्वी, वाई. प्रत्येक जागी हजेरी घ्या. साडेआठपर्यंत केळघर न सोडलेल्याला तिथूनच परत पाठवा. मेढ्याकडे उतरता रस्ता आहे, एकटाही जाईल. दोघे दोघे बोलत चालवायचे असेल तर कण्हेरच्या पाण्याकाठी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना बोला. घाटात एकामागे एक, मध्ये दोन सायकलींची जागा. फोटोसाठी वळणाच्या आतल्या बाजूला थांबणाऱ्याला पहिल्यांदा समज द्या, दुसऱ्यांदा गाडीत बसवा.

आणि वेण्णा तलावाशी पाच मिनिटे तरी थांबा. १८४२ मध्ये सातारच्या आप्पासाहेब महाराजांनी तो बांधवून घेतला. पहाटे अंधारात कण्हेरला ज्या नदीचे पाणी चमकताना दिसले होते, तिच्या माथ्यावर तुम्ही आता उभे असता. नावा अजून काठाला बांधलेल्या असतात, घोडेवाले घोडे पुसत असतात, मक्याच्या शेगड्या पेटायच्या असतात. उलट्या दिशेने आलेल्यांना हा तलाव दुपारी बारा वाजता, गाड्यांच्या टपांवरून दिसतो.

पुढच्या हंगामाच्या तारखा जाहीर कराल तेव्हा त्यात दिशा, एकूण चढ, कमीत कमी गिअर आणि वाईला थांबण्याचा पर्याय, या चार गोष्टी छापाव्यात ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपले,
याच रस्त्यांवर सायकल चालवणारे काही जण

ता. क. : काही उत्साही मंडळी महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरून परत वर यायचे, असा तुकडा याच दिवशी जोडतात. तापोळे कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी आहे. तिथून परत चढणे म्हणजे केळघरपेक्षा मोठा घाट, वाटेत दुकाने तुरळक आणि रस्ता अरुंद. हा तुकडा स्वतंत्र दिवशी करा, महाबळेश्वरात मुक्काम करून, आणि उतरण्यापूर्वी दोन बाटल्या भरून घ्या.